काविळीचे रक्त काय सांगते

(प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा पाठ)



रक्ताच्या तपासणीवरील व्याख्यान शिक्षकांनी का ऐकावे, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल, तर ती रास्तच आहे. आपल्या पदरी आधीच कामे का थोडी आहेत! मतदारयाद्या आहेत, पोषण आहाराचा हिशेब आहे, नाना तऱ्हेची माहितीपत्रके भरून पाठवावयाची आहेत. त्यांत ही आणखी एक भर कशाला? यावर माझे उत्तर एवढेच, की ही भर मी घालीत नसून ती आपल्याकडे केव्हाच येऊन पडलेली आहे. तालुक्याच्या प्रयोगशाळेतून मिळालेला छापील कागद हातात धरून खेड्यातील माणूस प्रथम शाळेच्या पायरीशी येतो आणि म्हणतो, "गुरुजी, याच्यात काय लेहलं हाय, सांगा बरं." त्या कागदावर बहुधा इंग्रजी अक्षरे, काही आकडे आणि शेवटी 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' असा एक शब्द असतो. त्या एका शब्दाचा अर्थ आपण कसा सांगता, यावर पुष्कळदा एखाद्या मुलाची शाळा, एखाद्या सुनेचे सासर आणि क्वचित एखाद्याचा जीवही अवलंबून राहतो. तेव्हा तो कागद वाचावयाचा कसा, एवढ्यापुरतेच आज बोलावे असे मी ठरविले आहे. रोग बरा करण्याचे काम डॉक्टरांचे आहे आणि ते आपण त्यांच्याकडेच राहू देऊ.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की असावी. कावीळ हे रोगाचे नाव नव्हे; ते एका खुणेचे नाव आहे. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात आणि मग मोडतात. त्यांच्या मोडीतून बिलिरुबिन नावाचे एक पिवळे द्रव्य निघते. ते गोळा करून पित्तावाटे शरीराबाहेर टाकण्याचे काम यकृताकडे असते. हे काम तुंबले की पिवळे द्रव्य रक्तात साठते आणि प्रथम डोळ्यांच्या पांढऱ्या भागात व नंतर कातडीवर दिसू लागते. आता काम तुंबण्याची कारणे अनेक आहेत. पित्ताची वाट खड्यांनी अडली तरी ते तुंबते. हिवतापात किंवा सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी एकाएकी फार मोडल्या तरी यकृतास ते आवरत नाही. दारूने यकृत नासले, एखाद्या औषधाने बिघडले, तरीही तेच. परंतु आपल्या शाळांतील मुलांत जी कावीळ आपण पाहतो, तिचे सर्वांत मोठे कारण म्हणजे यकृतात शिरणारे विषाणू होत.

हे विषाणू पाच आहेत आणि शास्त्रज्ञांनी त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अगदी बाराखडीसारखी नावे दिलेली आहेत. त्यांपैकी ए आणि ई हे पाण्यावाटे व अन्नावाटे येतात. रोग्याच्या विष्ठेतून ते बाहेर पडतात आणि दुसऱ्याच्या तोंडावाटे आत जातात; मधली वाट विहिरीची असो, फुटक्या नळाची असो की न धुतलेल्या हाताची असो. बी, सी आणि डी हे रक्तावाटे येतात. एकाच्या अंगात टोचलेली सुई दुसऱ्यास टोचली, न तपासलेले रक्त दिले गेले, एकच वस्तरा अनेकांना फिरला, यांसारख्या मार्गांनी ते पसरतात. बी हा प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडेही जातो, तसाच शरीरसंबंधातूनही जातो. डी हा तर बी असल्यावाचून जगूच शकत नाही. म्हणून आज त्याचा विचार आपण बाजूस ठेवू.

ए आणि ई या दोहोंची कावीळ बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. गावोगाव गळ्यात जी काविळीची माळ घालतात, तिचे यश यातच दडलेले आहे. माळ ओल्या काड्यांची गुंफलेली असते. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. तिकडे तितक्याच दिवसांत कावीळ उतरत जाते. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीमुळे घडली असे मानावयाचे, हा मानवी बुद्धीचा जुना स्वभाव आहे. शिकलेल्यांनाही तो सुटलेला नाही. हातास चुन्याचे पाणी लावून पिवळे पाणी उतरविणारेही असेच आहेत. माळ घालणाऱ्यास शिव्या देऊन आपल्या हाती काही लागणार नाही. त्याने माळ खुशाल घालावी, पण माळ घातली म्हणून रक्त तपासावयाचे राहू नये, एवढेच आपण पालकांस सांगावे. तापलेल्या सळईने डाग देण्याचा प्रकार मात्र निक्षून थांबविला पाहिजे. त्याने यकृतास काडीचाही उपयोग होत नाही. उलट लेकराच्या अंगावर जखम होते आणि ती चिघळते.

आता तपासणीकडे वळू. शिरेतून काढलेले रक्त नळीत थोडा वेळ ठेवले की गोठते आणि त्याची गाठ खाली बसून वर पिवळसर पाणी राहते. त्यास सीरम किंवा रक्तरस म्हणतात. काविळीच्या बहुतेक तपासण्या या पाण्यावरच होतात. त्यांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात यकृताची स्थिती कशी आहे हे पाहतात. दुसऱ्या भागात दोषी विषाणू कोणता हे पाहतात. कागद वाचताना या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये.

पहिल्या भागात बिलिरुबिनचा आकडा असतो. निरोगी माणसात तो एका डेसिलिटर रक्तरसात साधारण एक मिलिग्रॅमपर्यंत असतो. दोन-तीनच्या वर गेला म्हणजे डोळे पिवळे दिसू लागतात. त्याखाली एस. जी. पी. टी. असा एक आकडा असतो. हे यकृताच्या पेशींच्या आत राहणारे द्रव्य आहे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडते, आणि किती सांडले यावरून पेशींची पडझड कळते. निरोगी माणसात हा आकडा साधारण चाळीसच्या आत असतो. विषाणूच्या तीव्र काविळीत तो हजारावरही जातो. पालक हा आकडा पाहून हादरतात. तथापि माझ्या मते यापेक्षा अधिक लक्ष द्यावयास हवे ते रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळाकडे, ज्याला प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणतात. रक्त गोठविणारी द्रव्ये यकृतच तयार करते. तो वेळ लांबला म्हणजे यकृत आपले काम टाकू लागले असा अर्थ होतो. अशा वेळी, किंवा रोगी असंबद्ध बोलू लागला, सारखा झोपेत राहू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर आकड्यांची चर्चा करीत न बसता त्याला त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयात पोचविले पाहिजे.

दुसरा भाग अधिक मनोरंजक आहे आणि तो समजावून देण्यास आपल्या शाळेतील दप्तराइतके चांगले साधन मला दुसरे सुचत नाही. विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. विषाणूच्या ज्या भागाविरुद्ध ती तयार होतात, त्यास प्रतिजन म्हणतात. आता वर्गाकडे पाहा. विद्यार्थी समोर बाकावर बसलेला आहे, हे झाले प्रतिजन. म्हणजे विषाणूचा अंश प्रत्यक्ष रक्तात हजर आहे. चालू महिन्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव आहे, हे झाले आय. जी. एम. जातीचे प्रतिपिंड. ते प्रथम तयार होते, काही महिने टिकते आणि मग नाहीसे होते. म्हणून ते सापडले तर रोग नुकताच झाला असे समजावयाचे. आणि तिसरे आपले जनरल रजिस्टर! मुलगा शाळा सोडून वीस वर्षे झाली तरी त्यातील नाव पुसले जात नाही. आय. जी. जी. जातीचे प्रतिपिंड तसे असते. ते सापडले तर हा विषाणू केव्हातरी येऊन गेला, एवढेच कळते. तो आज आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. जनरल रजिस्टर पाहून आजची हजेरी मांडणारा शिक्षक जशी चूक करील, तशीच चूक आय. जी. जी. पाहून आजच्या काविळीचे निदान करणारा करतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. आपल्या देशातील काविळीच्या इतिहासातील एक मोठे कोडे याच फरकाने सुटले, आणि ते सोडविण्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो.

नोव्हेंबर १९५५ मध्ये दिल्ली येथे यमुनेने आपला प्रवाह बदलला आणि नजफगढच्या नाल्याचे घाण पाणी उलट वर चढून शहराचे पिण्याचे पाणी ज्या ठिकाणी उचलले जाई तेथे मिसळले. पाणीखात्याच्या लोकांना हे कळले. त्यांनी क्लोरीनची मात्रा वाढविली. त्याचा परिणाम असा झाला, की विषमज्वर, आमांश वगैरे जंतूंचे रोग वाढले नाहीत आणि सर्वांना वाटले, संकट टळले. परंतु डिसेंबर उजाडताच कावीळ सुरू झाली आणि जानेवारी १९५६ अखेरपर्यंत सुमारे २९,३०० माणसांना ती झाल्याचा अंदाज निघाला. पाणी बिघडले नोव्हेंबरात आणि डोळे पिवळे झाले डिसेंबरात! मधला काळ विषाणू शरीरात मुकाट्याने वाढत होता. या काळास अधिशयनकाळ म्हणतात. ए विषाणूचा तो साधारण दोन ते सात आठवडे आणि ई चा साधारण दोन ते नऊ आठवडे असतो. आपल्याकडे आषाढात कावीळ निघाली तर तिचे मूळ ज्येष्ठातल्या, किंबहुना वैशाखातल्या पाण्यात शोधावे लागते, हे यावरून ध्यानात यावे.

दिल्लीची ती साथ ए या विषाणूची, असेच त्या काळी सर्वांनी धरले. दुसरे काही धरण्यास साधनच नव्हते. ए हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला तो १९७३ साली, आणि त्यानंतरच त्याच्या प्रतिपिंडांच्या तपासण्या निघाल्या. सुदैवाने दिल्लीच्या साथीतील काही रोग्यांचा रक्तरस जपून ठेवलेला होता. पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. त्या संस्थेतील डॉ. खुर्शीद पावरी, श्री. श्रीनिवासन, श्री. प्रसाद आणि अमेरिकेतील वोंग व पर्सेल या संशोधकांनी मिळून दिल्लीचे ते जुने रक्त व अहमदाबादच्या १९७५-७६ च्या साथीतील रक्त नव्या तपासण्यांखाली घातले. १९८० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या रोग्यांच्या जनरल रजिस्टरात ए चे नाव होते. म्हणजे लहानपणीच तो त्यांना होऊन गेलेला होता. परंतु त्या साथीच्या हजेरीपटावर ए नव्हता, आणि बी ही नव्हता. मग ही कावीळ कोणाची? त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यातील १९७८ च्या साथीचा अभ्यास करून डॉ. खुरू यांनीही असाच एक अज्ञात विषाणू असला पाहिजे असे मांडले. १९८३ साली बालायान नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने तर रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन, कावीळ ओढवून घेऊन, तो विषाणू पाहिला. पुढे त्याचे ई असे नामकरण झाले आणि डॉ. विद्या अरणकल्ले व त्यांच्या पुण्यातील सहकाऱ्यांनी आपल्या देशातील साथींमागे पुष्कळदा हाच विषाणू असतो हे दाखवून दिले. पंचवीस वर्षे बाटलीत पडून राहिलेल्या रक्ताने दिलेली ही साक्ष आहे.

महाराष्ट्रातही अशा साथी झालेल्या आहेत. कोल्हापूर शहरात १९८१ साली पाण्यावाटे पसरलेल्या काविळीचा अभ्यास पुण्याच्या संस्थेनेच केला. इचलकरंजीस २०१२ च्या उन्हाळ्यात हजारो माणसे ई च्या काविळीने आजारी पडली आणि त्यांतील काही दगावली.

ए आणि ई यांतला एक भेद शिक्षकांना शाळेतूनच दिसू शकतो. ए हा बालवयाचा विषाणू आहे. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांत तो आला तरी डोळे पिवळे होतच नाहीत. मूल थोडे मलूल होते, उलटी करते आणि पुन्हा खेळू लागते. मात्र त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडतच असतो. ई ची कावीळ प्रामुख्याने पंधरा ते चाळीस या वयात उठते. सबब शाळेतील मुले पिवळी पडू लागली तर ए चा संशय घ्यावा, आणि गावातील तरुण माणसे पिवळी पडू लागली तर ई चा. अर्थात निर्णय रक्तातील आय. जी. एम. नेच होईल, परंतु संशय लवकर आला तर रक्तही लवकर घेतले जाते. ई च्या बाबतीत घाई करण्याचे एक भयंकर कारण आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर पाचांतील एक माता दगावते, असे अनेक साथींत दिसून आलेले आहे. गावात कावीळ निघाली की आपण प्रथम त्या गावातील गरोदर स्त्रियांचा विचार केला पाहिजे. आशाताईंना व अंगणवाडीच्या सेविकांना त्यांची नावे ठाऊक असतात.

आपल्या जिल्ह्याच्या पाण्याविषयी येथे दोन शब्द बोललेच पाहिजेत. घाटावर उन्हाळ्यात विहिरी तळास जातात आणि टँकरचे पाणी विहिरीत ओतून पोहऱ्याने काढावे लागते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस खारपाणपट्टा आहे. तेथील जमिनीतले पाणी पिववत नाही, म्हणून सारी भिस्त दुरून येणाऱ्या नळावर असते. नळ रोज चोवीस तास वाहत असता तर चिंता थोडी होती. तो चार-आठ दिवसांतून एकदा येतो. मधल्या काळात नळी रिकामी असते, आणि जिथे सांधा फुटलेला असेल तिथे भोवतीचे गटाराचे पाणी तिच्यात झिरपते. त्यातच दाब कमी म्हणून लोक तोटी काढून टाकतात, खड्डा करून त्यात नळ घेतात, मोटार लावून पाणी ओढतात. खड्ड्यात साचलेले पाणी मग नळीतच परत शिरते. टी. सी. एल. पावडर टाकल्यावर पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहण्याची ओ. टी. तपासणी ग्रामपंचायतीकडे असते. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे असे समजावयाचे. ही तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. ती नळाच्या शेवटच्या घरी झाली पाहिजे. पुष्कळ गावांत ते शेवटचे घर म्हणजे शाळाच असते! सातवीच्या मुलांसमोर ही तपासणी करून दाखविली तर विज्ञानाचा एक तास सत्कारणी लागेल. संशयाच्या दिवसांत मात्र क्लोरीनवर विसंबू नये. दिल्लीची हकीकत आपण आताच ऐकली. पाणी खदखदून उकळावे, हा खात्रीचा उपाय.

आता रक्तावाटे येणाऱ्यांकडे येऊ. बी ची तपासणी ज्या प्रतिजनावर उभी आहे, त्याला प्रथम ऑस्ट्रेलिया प्रतिजन म्हणत. अमेरिकेतील डॉ. बारूच ब्लूमबर्ग हे काविळीच्या मागे नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तातील आनुवंशिक भेद शोधताना १९६३ साली त्यांना असे दिसले, की न्यूयॉर्कच्या एका रक्तस्रावी रोग्याचा रक्तरस आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचा रक्तरस आगरच्या थरात समोरासमोर ठेवले तर मध्ये एक रेषा उमटते. त्या रोग्याला अनेकदा परक्याचे रक्त दिलेले होते, म्हणून त्याच्यापाशी प्रतिपिंडे होती. ती रेषा म्हणजे बी विषाणूच्या कवचाची खूण होय, हे पुढील काही वर्षांत उलगडले. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा आता जागतिक हिपॅटायटिस दिन मानला जातो.

कागदावर एच. बी. एस. ए. जी. असे लिहून पुढे पॉझिटिव्ह असेल, तर विद्यार्थी बाकावर बसलेला आहे, म्हणजे बी शरीरात आहे. पण तो पाहुणा आहे की बिऱ्हाडकरू, हे त्या एका कागदावरून कळत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावयाची. तेव्हाही तो सापडला तर तो मुक्कामास राहिला असे समजावयाचे. मोठ्या वयात बी झाला तर शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसे त्याला घालवून देतात. जन्माच्या वेळी झाला तर मात्र शंभरांतील नव्वद बालकांत तो कायमचा राहतो आणि त्यांतील काहींत वीस-तीस वर्षांनी यकृत आक्रसणे किंवा यकृताचा कर्करोग या रूपाने वर येतो. म्हणूनच जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बी ची लस टोचावी असे सांगतात. पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांनी ती पंचगुणी लसीतून मिळते. २०११ पासून ती देशभर लसीकरण कार्यक्रमात आहे. मातेच्या रक्तात बी सापडला तर बालकाचे रक्षण करता येते, म्हणूनच गरोदरपणी ही तपासणी करावयाची असते. अशा मातेला दोष देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की तिलाही तो बहुधा तिच्या लहानपणीच मिळालेला असतो.

सुईच्या हलगर्जीपणाने काय होते, हे गुजरातेतील मोडासा येथे २००९ साली दिसले. वापरलेल्या सुया-पिचकाऱ्या पुन्हा वापरल्याने तेथे बी ची साथ पसरली. शेकडो माणसे आजारी झाली आणि कित्येक दगावली. जत्रेतील गोंदणवाल्याची सुई आणि एकाच ब्लेडवर दहा दाढ्या करणारा न्हावी हे त्याच वाटेवरचे आहेत.

सी विषाणू १९८९ मध्ये उघडकीस आला; त्याच्या शोधाबद्दल अल्टर, हॉटन व राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या तपासणीत एक मेख आहे. सामान्यतः प्रथम जी करतात ती प्रतिपिंडाची, म्हणजे जनरल रजिस्टराची. ती पॉझिटिव्ह आली तर विषाणू आज आहेच असे नव्हे. काहींच्या बाबतीत तो आपणहून गेलेला असतो, काहींच्या बाबतीत औषधाने घालविलेला असतो. म्हणून दुसरी, आर. एन. ए. ची तपासणी करून विषाणू प्रत्यक्ष आहे की नाही हे पाहावे लागते. असला तर हताश होण्याचे कारण नाही. बहुतेक रोग्यांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो समूळ जातो, आणि शंभरांतील पंचाण्णव रोगी बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी यांची तपासणी व औषधे सरकारतर्फे मोफत दिली जातात. पालकांनी शेत गहाण टाकण्यापूर्वी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी, हे त्यांना आपण सांगू शकता.

शिबिरात बोटातून थेंब काढून पट्टीवर जी झटपट तपासणी करतात, तिच्याविषयीही विचारणा होते. पट्टीवर दोन जागा असतात. एक नियंत्रणाची व एक तपासणीची. नियंत्रणाची रेषा उमटली नाही तर ती पट्टी बाद, मग दुसरे काहीही दिसो. दोन्ही उमटल्या तर संशय पक्का करण्यासाठी प्रयोगशाळेत एलायझा नावाची तपासणी करावी लागते. आणि तपासणीची रेषा उमटली नाही म्हणून माणूस निश्चित निर्दोष, असेही नाही. विषाणू नुकताच शिरला असेल तर काही आठवडे कोणतीच खूण दिसत नाही.

मुलाला बी किंवा सी आहे असे कळले तर त्याला शाळेत येऊ द्यावे का? द्यावे. शेजारी बसल्याने, पंगतीत जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्याल्याने, कबड्डी खेळल्याने हे विषाणू जात नाहीत. खरचटून रक्त आले तर ते कोणाचेही असो, उघड्या हाताने पुसू नये; हा नियम सर्वांनाच लावला म्हणजे कोणाकडे बोट दाखविण्याची गरज पडत नाही. त्या मुलास वेगळे बसविणे, त्याचे ताट वेगळे ठेवणे, हा अन्याय आहे, आणि तो शास्त्राच्या नावाने होत असल्यामुळे मला अधिक सलतो. ए व ई ची गोष्ट निराळी. कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर मुलाने घरी राहावे. त्याच्या खाण्यावर बंदी घालू नये. हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करणे आणि तेल-डाळ तोडून लेकराला उपाशी ठेवणे, यात शहाणपण नाही. उसाचा रस द्यावयाचा तर घरी द्यावा; बाजारातील रसात जो बर्फ टाकतात, त्याचे पाणी कोठले हे कोणी पाहिलेले नसते. झाडपाल्याची कडू औषधे आणि तापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून मुळीच देऊ नयेत. दुखावलेल्या यकृतावर तो दुसरा घाव होतो.

एका आठवड्यात एका वर्गातील दोन मुलांचे डोळे पिवळे दिसले, किंवा एकाच आळीतील दोन घरांतून तशी बातमी आली, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. तिसऱ्याची वाट पाहू नये. कळविताना मुलाचे वय, आजार सुरू झाल्याची तारीख, घरचे पाणी कोणत्या नळाचे अथवा विहिरीचे, आणि मागील दोन महिन्यांत ते मूल लग्नकार्यास किंवा यात्रेस कोठे गेले होते, एवढे लिहून दिले तर तपासणीस येणाऱ्यांचे निम्मे काम होते. कागद वाचण्यासाठी आपल्याकडे आला तर तो वाचून पालकाच्या हाती परत द्यावा. त्याची नक्कल शाळेच्या दप्तरात ठेवू नये आणि त्यातील मजकूर शिक्षककक्षातही बोलू नये. बी ची पुनर्तपासणी सहा महिन्यांनी करावयाची असल्यास ती तारीख मात्र आपल्या खाजगी वहीत टिपून ठेवावी. बाप ती पेरणीच्या घाईत विसरेल. आठवडाभर आधी त्याला एकट्याला गाठून आठवण द्यावी.